सुंदराचं कर्कटक

राजे हत्तीवरून फिरायचे, त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

एका राज्यात एक चित्रशाळा होती. तिथे सुंदरा नावाची मुलगी शिकायची. तिच्याकडे काय नव्हतं? पितळी परकार, शिसवी पट्टी, गुण्या, आणि दोन टोकांत अंतर नेमकं पकडणारं कर्कटक. हातही छान होता. पण त्याच वर्गात येसू होती ना! येसूकडे वर्तुळ काढायला फक्त खिळा आणि दोरा. तेवढ्यावर ती असं वर्तुळ काढायची की पंतोजी म्हणायचे, "वा, येसू!"

ते "वा" ऐकलं की सुंदराच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पंतोजी तिलाही "वा" म्हणायचे, पण ते तिच्या कानात शिरेल तर शपथ.

एके दिवशी पंतोजी म्हणाले, "राणीसाहेबांच्या नव्या महालाच्या भिंती रंगवायच्या आहेत. तुमच्यातल्या एकाला मी सोबत नेणार. आजच्या चित्रावरून ठरवीन."

सुंदराचा जीव वरखाली झाला. महालात जायचं तर मीच जाणार. येसू गेली तर मी जन्मात कागदाला हात लावणार नाही!

पंतोजींनी मधोमध पाट मांडला. पाटावर तोटीची झारी ठेवली, शेजारी डाळिंब ठेवलं. मग मुलांना भोवती गोल बसवलं. सुंदरा एका बाजूला, येसू तिच्या बरोबर समोर.

"जिथे बसलात तिथून जसं दिसतं, तसंच काढा," ते म्हणाले.

सगळी मुलं कामाला लागली. सुंदरा मात्र येसूच्या तोंडाकडे बघत बसली. हिने रेघ ओढली वाटतं. पंतोजी हिच्यापाशी थांबले का? मान का डोलावली? मेलीच्या हाताला काय सोनं लागलंय? दुपार झाली तरी सुंदराचा कागद कोरा.

जेवणाची सुट्टी झाली. येसूने हाक मारली, "सुंदरा, चल ना गं. आईने थालीपीठ दिलंय."

"मला भूक नाही. तू जा."

वर्ग रिकामा झाल्यावर सुंदरा उठली. कर्कटक घेऊन येसूच्या कागदाशी गेली. झारीची मान, झारीचं पोट, तोटी, डाळिंब, एकेक अंतर कर्कटकात पकडलं आणि आपल्या कागदावर उतरवलं. चित्र हुबेहूब आलं. खरं सांगू? सुंदराची रेघ येसूपेक्षाही नितळ होती.

संध्याकाळी पंतोजी चित्रं तपासायला आले. ज्याचं चित्र, त्याच्या जागेवर बसून पाहायची त्यांची पद्धत होती. ते सुंदराच्या जागेवर बसले. कागदाकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं.

"पोरी, तोटी डावीकडे का काढलीस? इथून ती उजवीकडे दिसते. हे चित्र तर पलीकडच्या जागेवरचं आहे."

येसूने आपलं चित्र ओळखलं. सुंदराचं तोंड एवढंसं झालं.

"आणि डाळिंबाची नुसती साल काढलीस?" पंतोजींचा आवाज जड झाला. "अगं, ते फोडून दाण्यांची बाजू मी तुझ्याकडे केली होती. ते दाणे काढणं सगळ्यात अवघड. येसूलाही जमले नसते. म्हणून ही जागा तुला दिली. माझ्या मनात तुलाच न्यायचं होतं."

सुंदराने दिवसभरात पहिल्यांदा पाटाकडे नीट पाहिलं. मावळत्या उजेडात लालबुंद दाणे तिच्याकडे तोंड करून चमकत होते.

"अगं बाई, हे मी पाहिलंच नाही!" ती रडू लागली. "पंतोजी, आत्ता काढते. एकदाच काढू द्या."

"उजेड गेला, बाळा," पंतोजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते येसूला घेऊन महालाकडे निघाले.

तात्पर्य : जो दुसऱ्याचा हेवा करतो, त्याला स्वतःच्या पुढ्यात आलेलं दिसत नाही.