कापूर घोड्याचे ठिपके

एक होता राजा आणि त्याच्या पागेत होता एक पांढराशुभ्र घोडा. नाव त्याचं कापूर. पण गोष्ट राजाची नाही बरं का, कापूरला सांभाळणाऱ्या तुळाजी मोतद्दाराची आहे. तुळाजीला ना मूल ना बाळ. कापूरच त्याचं लेकरू. आणि चाल कशी त्या लेकराची! पाठीवर दुधाची वाटी ठेवा, थेंब सांडायचा नाही.

दर दसऱ्याला राजा कापूरवर बसून सीमोल्लंघनाला जाई. त्या मानाच्या घोड्यावर दुसऱ्या कुणी बसायचं नाही, अशी रीत. अंगावर डाग तर नकोच नको.

मग एकदा काय झालं, कुंभारीण तापाने फणफणली. वैद्य पल्याडच्या गावात, बैलगाडीचे धक्के सोसवेनात. तुळाजीला राहवलं नाही. त्याने तिला गुपचूप कापूरवर बसवलं. बरी होऊन आली, तिने मातीच्या हाताने कापूरची मान कुरवाळली, तर तिथे तांबडा ठिपका! मग कोळसेवाल्याचा पाय मोडला. कापूरने त्यालाही नेलं, काळा ठिपका उमटला. मग हळद कांडणाऱ्या म्हातारीला लेकीकडे जायचं होतं, पण हाडं ठणकायची बिचारीची. झाला पिवळा ठिपका. तुळाजीने रिठ्याने घासलं, राखेने घासलं. छे, एकही जाईना!

दसरा आला. राजा कडाडला, "डागी घोडा नको मला. शिवेपलीकडे सोडून ये त्याला."

तुळाजी शिवेपलीकडे गेला खरा, पण पोटच्या पोराला कुणी सोडतं का? बसला तिथंच, कापूरच्या पायाशी रडत.

तेवढ्यात वाजतगाजत राजा आला, नव्या घोड्यावर. पुढ्यात चिमुकली राजकन्या. नव्या घोड्याच्या हिसक्यांनी पोरीच्या पोटात कळ उठली. पालखीत घातलं, किंचाळली. कडेवर घेतलं, जास्तच किंचाळली. राजा घाबरून गेला.

तुळाजी पुढे झाला. "महाराज, माझ्या कापूरवर निजवा तिला."

राजाने निमूट निजवलं. कापूर निघाला, संथ पाण्यावरून पान जावं तसा. वेस येईतो पोर गाढ झोपली.

राजाला भरून आलं. त्याने कापूरची पाठ थोपटली. हाताला पूजेचं कुंकू होतं ना! उमटला की लाल ठिपका.

राजा बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "तुळाजी, आता माझाही ठिपका आहे याच्यावर. याला घालवायचं तर मलाही जावं लागेल रे. चल घरी, घेऊन चल त्याला."

पुढे कापूरची शिंगरं झाली, ती ठिपके घेऊनच. तुळाजीची नातवंडंच की ती! रोज रात्री तो एकेकाला थोपटून निजवी, आत्ता मी तुम्हाला थोपटतेय ना, तस्सं. मिटा बघू डोळे. घोडा हळू चालतोय हं, कुणी पडणार नाही.