झऱ्याच्या तोंडावरची पत्रं

त्या राज्यात कायदे टेकडीवर होत आणि पाणी खाली खोऱ्यात वाहत असे. खोऱ्याने निवडून पाठवल्याशिवाय कुणालाच टेकडीवर बसता येत नसे. खोऱ्याला टेकडीशिवाय चालतं की नाही, हे मात्र कुणी कधी करून पाहिलं नव्हतं.

फार पूर्वी, पुष्कळ भांडणं होऊन गेल्यावर, दोन्हीकडच्या शहाण्यांनी एक नियम ठरवला होता. टेकडीवर झालेला कायदा खोऱ्यात सगळ्यांसमोर वाचून दाखवल्याशिवाय तिथे लागू व्हायचा नाही. आणि वाचून झाल्यावर खोऱ्यातल्या एकाने जरी ‘नको’ म्हटलं, तरी तो आल्या पावली परत जायचा. लाव्याच्या एवढ्याशा पिल्लालाही ते म्हणता येत होतं. हा नियम अजून शाबूत होता. तो कुणी मोडला नव्हता, कारण मोडायची वेळच कधी आली नव्हती.

खोऱ्याचा प्रतिनिधी रानकोंबडा होता. सकाळ आपल्या आरवण्यामुळे होते, असं तो पहिल्या निवडणुकीत म्हणाला होता. आता पाचव्या खेपेला त्याला ते म्हणावं लागत नसे. खोरंच तसं म्हणत असे. तो राहायचा टेकडीवर, पण आठवड्यातून एकदा खाली येऊन खोऱ्याला पत्र द्यायचा: या आठवड्यात आपल्यासाठी टेकडीवर काय काय झालं, कोणते कायदे मंजूर झाले. पत्र म्हणजे तो सांगायचा आणि म्हातारा साळिंदर लिहायचा, आणि तोच सगळ्यांसमोर वाचून दाखवायचा. रानकोंबड्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि हे खोऱ्यात एकट्या साळिंदराला ठाऊक होतं.

साळिंदराएवढं शिकलेलं खोऱ्यात दुसरं कुणी नव्हतं. त्याला सात रानांच्या लिप्या येत. सगळे त्याला गुरुजी म्हणत, आणि प्रत्येक वेळी तो थोडा दचकत असे, कारण आपल्याला खरोखर काय येतं याची त्याला कधीच खात्री नव्हती. खात्री होती ती फक्त वाक्याची. वाक्य तो असं करी, की ऐकणाऱ्याला कुठे ठेच लागू नये. लिहायला तो स्वतःच्या पाठीचा काटा उपटी आणि पळसाच्या पानावर ओरखडी. एका काट्याने एकच पत्र होई. वाचून झालं की तोच काटा पानातून आरपार घालून झऱ्याच्या तोंडाशी रोवायचा, अशी रीत होती. दोन खडकांमधून झरा जिथे खोऱ्यात उतरे, तिथे पाणी प्यायला येणाऱ्याला पत्र पुन्हा वाचता यावं म्हणून. कुणी वाचत नसे. उमेदीच्या काळात उपटलेला काटा पुन्हा येत असे. हल्ली येईनासा झाला होता. साळिंदराची पाठ आता जवळजवळ उघडी पडली होती.

आणखी एक रीत होती, ती रानकोंबड्याने सुरू केलेली. तिला सगळे मूठ म्हणत. पत्रात ‘आणि सरतेशेवटी’ हे शब्द आले की तो पंख झटकून वरीचे दाणे उधळी. ऐकायला आलेले लावे, पारवे, खारी, उंदीर, सगळ्यांच्या माना खाली जात आणि टकटक सुरू होई. कायदा नेहमी ‘सरतेशेवटी’च्या नंतर येई. दाणे संपेपर्यंत तो वाचून झालेला असे. मग रानकोंबडा विचारी, “पोचलं?” आणि भरल्या तोंडाने खोरं म्हणे, “पोचलं.”

त्या आठवड्यात पत्र लिहून घ्यायला साळिंदर सकाळीच टेकडीवर गेला.

“घ्या, गुरुजी,” रानकोंबडा फांदीवरून म्हणाला. “उगवतीच्या खडकाचं नाव बदललं. सावली मोजणाऱ्या समितीला मुदतवाढ दिली. आणि वाळवीच्या प्रश्नावर मी उभा राहिलो.”

“काय बोललात, भाऊसाहेब?”

“उभा राहिलो म्हटलं ना. बोलायला वेळ कुठे मिळतो? लिहा, वाळवीच्या प्रश्नावर आवाज उठवला. लिहिलंत? आता सरतेशेवटी. झऱ्याच्या तोंडाशी जे जे उभं आहे, ते खोऱ्याचा ठेवा म्हणून जपलं जाईल. त्याला चोच, नख किंवा दात लावणाऱ्याला खोऱ्याबाहेर काढण्यात येईल.”

साळिंदराने मान वर केली. “म्हणजे आपली पत्रं?”

“तुमची पत्रं, गुरुजी. तुमचं अक्षर. मी मुद्दाम मांडलं. म्हटलं, म्हाताऱ्याने जन्मभर लिहिलंय.”

साळिंदराच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याची त्याला नंतर फार लाज वाटली. त्या क्षणी मात्र तहान लागली म्हणून तो पाणी शोधत मागच्या बाजूला गेला.

तिथे, टेकडीच्या खांद्यावर, रानडुकरांची लोळण होती. टेकडीवरच्या सभेत पहिल्या ओळीत बसणारी हीच डुकरं. ती पोटं वर करून पडली होती. त्यांच्या काखांत गोचिडांचे घड लोंबत होते. एकाने झोपेतच विष्ठा सोडली आणि त्यातच कूस बदलली. वास असा होता, की साळिंदराला नाकपुड्या मिटून घ्याव्याशा वाटल्या आणि मिटता येईनात. त्या घाणीत एका कपारीतून नितळ पाणी येत होतं. एकसारखं येत होतं आणि आल्या आल्या चिखल होत होतं. त्याने कपारीला तोंड लावून एक घोट घेतला. पाण्याला पळसाच्या कुजक्या पानांची चव होती.

ती चव त्याच्या ओळखीची होती. पत्र रोवल्यावर पंजा चाटला की तीच लागे.

“हे पाणी कुठलं?” त्याने परत येऊन विचारलं.

“खाली अडलं की वर चढतं,” रानकोंबडा पिसं साफ करत म्हणाला. “तुम्ही एवढे शिकलेले. तुम्हाला मी काय सांगणार?”

साळिंदर उतरताना नेहमीच्या वाटेने आला नाही. खडकांच्या मागून वळसा घालून तो झऱ्याच्या तोंडाशी आला. मागच्या बाजूने त्याने ती जागा कधी पाहिलीच नव्हती. त्याचे काटे एकाला एक लागून खुंटांसारखे उभे होते. पानं कुजून त्यांचा लगदा झाला होता, लगद्यात गाळ बसला होता, गाळावर शेवाळ चढलं होतं. त्याच्यामागे पाणी तुंबून तट्ट झालं होतं आणि बाजूने, डुकरांकडे, वाट काढत होतं. मधोमध फक्त चोचीएवढी फट उरली होती. खोऱ्यात जे काही पाणी येत होतं ते त्या फटीतून. झरा दरवर्षी बारीक होतोय असं सगळे म्हणत आणि उन्हाला दोष देत. साळिंदरानेच एका पत्रात त्यावर एक सुंदर वाक्य लिहिलं होतं.

कदाचित आपण चुकत असू, असं त्याला वाटलं. आपण पुष्कळदा चुकतो. खात्रीसाठी त्याने एक काटा उपटला. पाण्याची चिळकांडी त्याच्या तोंडावर उडाली.

सगळे काटे उपटायला एक सकाळ पुरली असती. कायदा अजून वाचला गेला नव्हता. आज कुणी काही म्हणू शकत नव्हतं. त्याने दुसऱ्या काट्याला हात घातला आणि थांबला. ही पत्रं आपली आहेत का? लिहिली आपण, पण ती खोऱ्याची. खोऱ्याला न विचारता हात लावायचा, तर रानकोंबड्यात आणि आपल्यात फरक काय? परवा सगळे जमतील. स्वच्छ शब्दांत सांगू, कुणीतरी ‘नको’ म्हणेल, मग रीतसर सगळेच मिळून काढू. हे त्याला फार बरोबर वाटलं. उपटलेला काटा त्याने जिथल्या तिथे परत खोचला.

फटीच्या खाली, गोट्यांवर, टिटवीचं घर होतं. तिची तीन पिल्लं चार दिवसांपूर्वी अंड्यांतून बाहेर आली होती. उडायला अजून महिना होता. पाणी आटलं तर त्यांना दुसरीकडे नेण्याचा काही मार्ग नव्हता.

“या आठवड्यात काय आहे हो, गुरुजी?” तिने विचारलं.

“नीट ऐकशील ना?”

“मी नेहमीच ऐकते. मला दाणे चालत नाहीत, तेव्हा सगळ्यांची मूठ चालली की मी आपली तुमच्या तोंडाकडे बघत बसते. कळत नाही ते सोडा. पण वाक्यं काय छान असतात तुमची. पाणी वाहिल्यासारखी.”

साळिंदराला थोडा धीर आला. सगळ्या खोऱ्यात एक मान तरी वर असते.

टेकडीवर लिहिलेलं पत्र बाजूला ठेवून त्याने ते नव्याने लिहायला घेतलं. त्याच्या पाठीवर एकच काटा राहिला होता. तो उपटताना कळ मस्तकापर्यंत गेली. कायद्याच्या खाली, जन्मात पहिल्यांदा, त्याने पत्रात मोडकी वाक्यं लिहिली. साचलेली पत्रं पाणी अडवतात. ते पाणी डुकरांच्या लोळणीत जातं. हा कायदा झाला की पत्रं कुणालाच काढता येणार नाहीत. खोरं कोरडं पडेल. खाली त्याने लिहिलं: नको म्हणा. ते दोन शब्द तो बराच वेळ बघत बसला. वाचणाऱ्याने ऐकणाऱ्यांना काय म्हणायचं ते सांगावं का? मग ते त्यांचं म्हणणं कसं राहील? शेवटी त्याने ते नखाने खरवडून टाकले.

वाचनाच्या दिवशी झऱ्याकाठी सगळे आले. रानकोंबडा पानाचा एक द्रोण सांभाळत उतरला आणि सरळ टिटवीपुढे गेला.

“टिटवीबाई, दरवेळी तुम्ही उपाशी राहता, हे माझ्या मनाला लागलं होतं. वाळवीच्या प्रश्नावर मी आवाज उठवला ना, त्याचं हे फळ. पिल्लांनाही घ्या.”

“बघा तरी,” ती साळिंदराला म्हणाली. तिला खरोखर भरून आलं होतं. “इतकी वर्षं कुणाला सुचलं नव्हतं.”

साळिंदराने वाचायला सुरुवात केली. खडकाचं नाव, समितीची मुदत. मग ‘आणि सरतेशेवटी’ आलं. दाणे उधळले गेले. द्रोण उपडा झाला आणि पांढऱ्या वाळव्या गोट्यांवर चहूकडे पळाल्या. पिल्लं त्यांच्यावर तुटून पडली. टिटवीची मान खाली गेली.

साळिंदराने कायदा वाचला, मग ती मोडकी वाक्यं एकेक करून वाचली. आवाज चढवला. सगळी पुन्हा वाचली. रानकोंबड्याने ती ऐकली, मान तिरकी करून साळिंदराकडे पाहिलं आणि सावकाश आणखी एक मूठ उधळली.

“आज गुरुजींना छान आवाज लागलाय,” तो म्हणाला.

टकटक चालू राहिली. साळिंदराला सगळ्यांचे फक्त शेपटीकडचे भाग दिसत होते, वर झालेले, हलणारे. लोळणीतला वास त्याला इथेही आला. कदाचित तो त्याच्याच अंगाला लागला असेल.

आता त्यानेच म्हणायला हवं होतं. तोही खोऱ्याचाच होता. पण वाचणारा ऐकणाऱ्यांत मोडतो का? पूर्वी असं कधी झालं होतं का? चाळीस वर्षांची पत्रं त्याने मनातल्या मनात चाळली. दाखला सापडेना. निदान तो शब्द कसा मांडावा, उभं राहून की बसून, एवढं तरी ठरवावं म्हणून त्याने श्वास घेतला.

“पोचलं?” रानकोंबड्याने विचारलं.

“पोचलं,” खोरं म्हणालं. टिटवीही म्हणाली. तिच्या चोचीला वाळवीचा पाय चिकटला होता.

सगळे पांगले. साळिंदर पत्र हातात धरून तिथेच बसून राहिला.

“गुरुजी, पत्र लावायचं राहिलं की,” टिटवी जवळ येऊन म्हणाली. “तुम्ही फार थकलात बाई. द्या इकडे, मी लावते.”

“तिथे नको,” तो म्हणाला. तो शब्द शेवटी तोंडातून निघाला, पण इतका हळू, की तिला तो आर्जवासारखा वाटला.

“अहो, पण दुसरीकडे जागाच कुठे उरलीय?”

तिने काटा चोचीत धरला, पान नीट पसरलं आणि त्या चोचीएवढ्या फटीत तो घट्ट रोवला. पान एकदा थरथरलं आणि मागच्या पाण्याच्या दाबाने काट्यांना चिकटून बसलं. खाली गोट्यांवरचा ओलावा वरून खाली पुसत गेल्यासारखा पांढरा पडत गेला. टेकडीच्या बाजूने एक तृप्त हुंकार आला.

पिल्लं पाण्याच्या जागी येऊन चोच उघडी ठेवून उभी राहिली. त्यांच्या डोक्यावर पान होतं, त्यावरची अक्षरं ठसठशीत, कुणालाही वाचता येतील अशी. टिटवी दोन पावलं मागे सरकली आणि मान वाकडी करून ते पत्र पहिल्यापासून वाचू लागली.