उत्पलेची शिरपुटी

पूर्वी हंसावती नगरीत राजा भद्रसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या पागेत पिंगल नावाचा घोडा होऊन राहिला होता. लढाया करून तो थकला, तेव्हा राजाने त्याला पागेमागच्या अंगणात मोकळा सोडला. पागेत राबणाऱ्या बायका आपली चिमुरडी तिथेच सोमा दाईच्या स्वाधीन करीत. मुले पिंगलच्या पोटाखालून खुशाल ये-जा करीत.

रोहक हा त्या पागेचा अश्वशिक्षक. शिंगराला चाबूक लावायचा नाही, हा त्याचा कडक नियम. मार खाल्लेले शिंगरू कळपात गेले की दुसऱ्यांना चावते, लाथा झाडते, असे तो मोतद्दारांना बजावी. घरी मात्र या गृहस्थाचा न्याय निराळा. आईवेगळ्या, पाच वर्षांच्या उत्पलेकडून पाणी सांडले तरी निर्गुडीची बारीक, लवचीक शिरपुटी तिच्या पायांवर वाजे. पोर हू की चू करीत नाही, याचाच त्याला कोण अभिमान.

कामावर येताना तोही तिला त्याच अंगणात सोडी. एके दिवशी सोमा दाईने त्याला सांगितले की उत्पला लहानग्यांना मारते. इतर आया ऐकायला तयार नाहीत, तेव्हा उद्यापासून तिला अंगणात आणू नका. रोहकाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आपल्या शिस्तीत वाढलेली मुलगी असे करणेच शक्य नाही, असे म्हणून दाईला खोटे पाडायला तो दुपारी कुडाआड येऊन उभा राहिला.

आत भातुकली रंगली होती. तीन वर्षांच्या तिष्याच्या हातून पाण्याचे बोळके लवंडले. उत्पला उठली. तिने जवळ पडलेली एक शिरपुटी घेतली, तिष्याला भिंतीकडे तोंड करून उभे केले आणि शांत, जड आवाजात म्हणाली, "हे तुझ्या भल्यासाठी आहे. रडलास तर आणखी मिळेल."

रोहकाच्या पायाखालची जमीन सरकली. शब्द त्याचे, आवाजाची ढब त्याची, मारण्याआधी शिरपुटी हवेत फिरवून पाहण्याची लकबसुद्धा त्याचीच.

शिरपुटी उतरली ती पिंगलच्या पायांवर. तो मध्ये येऊन उभा राहिला होता. उत्पला मारीत राहिली. त्याने पाय उचलला नाही. अखेर पोरीचाच हात थकला. मग त्याने मान खाली करून तिचे केस हुंगले, तशी ती त्याच्या पायाला मिठी मारून हमसून हमसून रडू लागली.

रोहक आत धावला. मुलीला जवळ घ्यायला त्याने हात पुढे केला मात्र, उत्पलेने रडणे गिळले, भिंतीकडे तोंड केले आणि पाय जुळवून ती उभी राहिली.

तो हात तसाच अधांतरी राहिला. तेव्हा पिंगल माणसाच्या वाणीने म्हणाला, "रोहका, मी शिंगरू होतो तेव्हा तू मला एकदाही मारले नाहीस. म्हणून आज मी हिला लाथ मारली नाही."

रोहक मटकन मातीत बसला आणि मुलांदेखत रडला. त्या दिवसापासून घरात शिरपुटी राहिली नाही. पण त्याने कशासाठीही हात उचलला की उत्पला भिंतीकडे वळे. ते थांबायला पुष्कळ दिवस लागले, आणि तेवढे दिवस त्याला ते पाहावे लागले.

ही कथा एवढी सांगून शास्ते भगवान बुद्ध समोर छडी घेऊन उभ्या असलेल्या भिक्षूला म्हणाले, "श्रामणेरांवर, संघातल्या या बालशिष्यांवर, छडी उगारणारा तू तेव्हा रोहक होतास. तुला पाहताच भिंतीकडे वळणारा हा श्रामणेर उत्पला होता. पिंगल मीच होतो."

भिक्षूच्या हातून छडी गळून पडली. त्या जन्मी बोधिसत्त्वाने जी पारमिता, म्हणजे जो परमगुण, पाळली, ती क्षांती, म्हणजे क्षमाशील सहनशीलता.