आन्स ऑदिलची झाकणांची भिंत

थांबा, फोटो मग काढा. भिंत कुठे पळून जात नाही, आणि गाडीवाल्याला मी थांबायला सांगितलंय. या बदामाच्या सावलीला या सगळे. हो, कोकणात असतं तेच हे झाड, पानं तशीच मोठी.

ही भिंत बघा नीट. कमरेएवढी उंच, समुद्रातल्या दगडांची, आणि तिच्यावर ठोकलेल्या खिळ्यांना ही झाकणं लटकलेली. बिडाची, पत्र्याची, इनॅमलची, जर्मनची. वारा सुटला की दिवसभर एकमेकांवर आपटत असतात. मघाशी तुमच्यातले एक काका म्हणाले, "हे काय, भंगारवाल्याचं दुकान?" ऐकलं मी. असू दे, काका. या आन्स ऑदिल गावात मी नवी नवरी म्हणून आले, तेव्हा मीही असंच काहीतरी बोलले होते.

मी मूळची मिरजेची. या बेटावरच्या मोठ्या इस्पितळात नर्स म्हणून आले आणि ऑगस्टिन मास्तरांशी लग्न करून इथलीच झाले. इथे मला सगळे रत्ना म्हणतात, तुम्ही सकाळपासून रत्नाक्का म्हणताय, बरं वाटतं. मराठी माझी अजून शाबूत आहे ती धाकट्या बहिणीमुळे. रोज फोनवर आम्ही दोघी भांडतो.

तर या गावात कुणाच्याही चुलीवरच्या भांड्याला झाकण नसतं. मघाशी कोपऱ्यावरच्या फिलोमीनबाईच्या स्वयंपाकघरासमोरून आपण आलो, तेव्हा तुम्ही बघितलंतच. भात उघडा, कालवण उघडं. एका ताईंनी नाकाला रुमाल लावला आणि म्हणाल्या, "शी, माशा बसत असतील." बसतात की, ताई. हाताने वारायच्या. भात शिजायला वेळ लागतो, गॅसही जास्त जातो, पण गावात कुणाची तक्रार नाही. नवं भांडं घरात आलं की आधी त्याचं झाकण इथे खिळ्याला लावायचं, मगच भांडं चुलीवर चढवायचं. असं का, ते आता सांगते. गोष्ट आमच्याच घराण्याची आहे, आणि मिरवण्यासारखी नाही. म्हणून सासूबाई म्हणायच्या, ती आपल्याच घरातल्या माणसाने सांगायची, दुसऱ्याच्या तोंडी शोभत नाही.

फार जुनी गोष्ट. उसाच्या मळ्यांवरची गुलामी संपून लोक नुकते कुठे आपल्या जमिनीवर घरं बांधायला लागले होते, असं सांगतात. त्या साली थोरलं वादळ आलं. होड्या गेल्या, छपरं गेली, फणसासारखी ती भाकरफळाची झाडं मुळापासून उपटून पडली. गावात उरलं ते जमिनीखालचं. कंद, रताळी, कुणाकडे मडक्यात पुरलेला खारा मासा. लोक रोज एकदाच चूल पेटवायचे.

या गावाची त्याच्याही आधीची एक रीत होती. किनाऱ्याची वाट लांबची आणि उन्हाची, म्हणून वाटसरूला कधी नाही म्हणायचं नाही. जे असेल त्यातला घास द्यायचा. मळ्यांवर दुसऱ्याच्या हुकमाने जेवलेली माणसं ती, आपल्या चुलीवरून कुणाला तरी वाढायचं याचं त्यांना फार अप्रूप होतं म्हणे.

आणि अशात एका दुपारी उत्तरेकडून एक बाई चालत आली. एकटी, अनवाणी, परकर गुडघ्यापर्यंत भिजलेला, हातात काही नाही. कुठली ते कुणाला ठाऊक नाही. गावातलं पहिलं घर आमचं होतं. आमच्या मालकांच्या आजीची आजी, अदेलीन तिचं नाव, ती दारात बसली होती. आत तिची तीन पोरं, आणि चुलीवर बिडाचं भांडं. भांड्यात घरातले शेवटचे कंद. ते संपले की पुढे काय, हे अदेलीनला माहीत नव्हतं. तिचा नवरा होडीचं लाकूड बघायला डोंगरात गेला होता.

त्या बाईने काही मागितलं नाही. नुसती उंबऱ्यापाशी उभी राहिली. या गावात तेवढं पुरायचं.

आता बघा, अदेलीन सरळ म्हणाली असती की, "बाई गं, पोरांपुरतंच आहे," तर ती बाई समजली असती. कोण नाही समजणार? पण नाही म्हणायचं जिवावर आलं. गावात आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं, ते पहिलं आपल्या तोंडून कसं निघावं? मग ती काय म्हणाली? "आमचं जेवण झालं. आत्ताच झालं."

आणि भांड्याच्या झाकणाखालून वाफ येत होती. कंदाचा वास दारापर्यंत सुटला होता. पोरं आईच्या तोंडाकडे बघायला लागली.

त्या बाईने वाफेकडे बघितलं, अदेलीनकडे बघितलं, आणि म्हणाली, "मलाच यायला उशीर झाला." एवढंच म्हणून ती पुढे गेली.

सासूबाई इथे नेहमी थांबायच्या. म्हणायच्या, शिवी दिली असती तर बरं झालं असतं गं, परत शिवी देता आली असती.

पुढच्या घरीही तसंच झालं. त्याच्या पुढच्याही. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, ठरवलं नव्हतं, पण ज्याच्या त्याच्या तोंडून एकच निघालं, आमचं जेवण झालं. ती बाई प्रत्येक दारी म्हणाली, मलाच उशीर झाला. असं करत अख्खं गाव पार करून ती या बाजूला आली आणि या झाडाखाली बसली. इथेच, तुम्ही उभे आहात तिथे. झाडही वादळात बोडकं झालेलं होतं. चार नवी पानं काय ती फुटली होती.

तिकडे अदेलीनने पोरांना वाढायला घेतलं, तर झाकण निघेना. ओढलं, पिरगळलं, सुरीचं टोक घातलं. मग दगडाने ठोकलं. भांडं हलायचं, झाकण हलायचं नाही. वास तर घरभर. धाकटं पोर रडायला लागलं, आणि अदेलीनच्या लक्षात आलं की शेजारूनही ठोकल्याचा आवाज येतोय. दबका आवाज, दगडाला फडकं गुंडाळून ठोकल्यासारखा. त्याच्या पलीकडच्या घरातूनही येत होता. सगळ्या गल्लीत ठकठक चालली होती आणि बाहेर मात्र कुणी येत नव्हतं. येणार कसं? झाकण अडकलंय म्हणायचं तर भांड्यात अन्न आहे हे कबूल करावं लागणार. तासाभरापूर्वी सगळ्यांनी एकमेकांच्या देखत सांगितलं होतं की जेवणं झालीत.

लोक इथे हसतात. मीही हसायचे. पण विचार करा, प्रत्येक घरात लेकरं उपाशी, अन्न समोर, आणि आईबाप फडकी गुंडाळून गुपचूप ठोकत बसलेत. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते याला.

शेवटी अदेलीन उठली. तिला दुसरा रस्ता नव्हता, पोरं भुकेने कळवळत होती. चुंबळ केली, ते गरम भांडं झाकणासकट डोक्यावर घेतलं आणि भर दुपारी घराबाहेर पडली. मागे तिन्ही पोरं. गावातून या टोकाला यायला रस्ता एकच, हा. दोन्ही बाजूंची दारं हळूहळू उघडली. सगळ्यांनी बघितलं, तिच्या डोक्यावर भांडं आहे आणि भांड्यात अन्न आहे. अदेलीन मान खाली घालू शकत नव्हती, डोक्यावर भांडं होतं ना. सगळ्यांच्या नजरा झेलत तिला ताठ मानेनेच चालावं लागलं.

झाडाखाली येऊन ती त्या बाईसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "भांड्यात कंद होते. मी खोटं बोलले."

बाई म्हणाली, "आधी ते खाली ठेव. किती लांबून ओझं घेऊन आलीस."

आणि तिने झाकण उचललं. मंत्र नाही, तंत्र नाही, आपण घरात रोज उचलतो तसं उचललं. मग उठून ती झाडाची चार पानं घेऊन आली. तीन पानांवर तिने पोरांना वाढलं. चौथं पान अदेलीनसमोर ठेवलं, त्यावर कंद घातले आणि म्हणाली, "जेव. तू उपाशीच आहेस."

अदेलीनला जेवण झालं म्हणायचीही सोय राहिली नव्हती. तिने घास उचलला, पण तो तोंडात घालवेना. रडूही येईना. ज्या बाईला आपण दारातून परत पाठवलं, ती आपलंच अन्न आपल्याला प्रेमाने वाढतेय, आणि लेकरं तिच्या मांडीला टेकून जेवतायत. ती बाई म्हणाली, "खा गं. तुझंच आहे."

सगळ्यांचं झाल्यावर भांड्याच्या तळाशी चिकटलेलं उरलं. पान आता नव्हतं. मग तिने झाकण उलटं केलं, त्यात ती खरवड घेतली आणि जेवली. जेवून झाल्यावर झाकण समुद्राच्या पाण्याने धुतलं आणि म्हणाली, "हे मी नेते. पुढच्या गावात कुणाचं जेवण व्हायचं असेल, तर ताटलीला होईल."

आणि गेली, दक्षिणेकडे, त्या वाटेने.

मग सगळं गाव आलं, प्रत्येकाच्या डोक्यावर आपापलं बंद भांडं. पण झाकण उघडून द्यायला बाई नव्हती. अदेलीन एकटी बिनझाकणाचं भांडं पुढ्यात घेऊन बसलेली. तिने सांगितलं म्हणे, "मी बोलले तेच बोलून बघा." कुणी पुढे होईना. शेवटी एक म्हातारा कोळी म्हणाला, "माझ्याकडे मासा होता." त्याचं झाकण सुटलं. मग एकेक जण बोलत गेला, माझ्याकडे रताळी होती, माझ्याकडे मूठभर तूर होती. सगळं एकत्र केलं तर सगळं गाव जेवून वर वाटसरूचंही पोट भरलं असतं. यात चमत्कार काही नाही, प्रत्येकाकडे थोडं थोडं होतंच. पण त्या जेवणाला कुणाच्याही तोंडाला चव नव्हती, असं सांगतात. उठताना झाकण कुणी घरी नेलं नाही. इथे दगडांवर ठेवून गेले. त्यांचीच ही भिंत.

काही लोक म्हणतात, ती बाई म्हणजे जिच्या नावाचं हे गाव, ती साक्षात संत ऑदिल होती. डोंगराकडचे म्हणतात, पूर्वज आफ्रिकेहून जी देवी मनात घेऊन आले ती होती. सासूबाईंना हे बिलकूल खपायचं नाही. त्या म्हणायच्या, कोणी देवी नव्हती, भुकेली बाई होती. देवी होती म्हटलं की आपली लाज जरा कमी होते, म्हणून लोक तसं म्हणतात.

माझं लग्न झालं तेव्हा आईने मिरजेहून कुकर पाठवला होता. सहा लिटरचा. सासूबाईंनी तो कौतुकाने बघितला आणि झाकणाला हात लावून म्हणाल्या, हे भिंतीवर. मी म्हटलं, अहो, झाकणाशिवाय कुकर म्हणजे काय? दोन दिवस आमचं बोलणं बंद. मग ही गोष्ट त्यांनी सांगितली आणि मी स्वतः येऊन लावलं. ते बघा, त्या खालच्या खिळ्यावर, शिट्टीसकट. रबर केव्हाच कुजलं. त्या कुकरमध्ये मी अजून डाळ शिजवते, दुपार जाते.

आजही या वाटेने कुणी आलं, की भिंतीवरचं एक झाकण काढून घ्यायचं आणि कुठल्याही घरासमोर जाऊन उभं राहायचं. बोलावं लागत नाही. भांडी उघडीच असतात, काय आहे आणि किती आहे ते दिसतं. कमी असेल तर कमी वाढतात. जेवण झालंय असं मात्र आजही इथे कुणी म्हणत नाही, खरंच झालेलं असलं तरी.

आता माझं ऐका. मघाशी फिलोमीनबाई दारात येऊन हसली, हाताने या या केलं. आज माझ्या देशाचे पाहुणे येणार म्हणून ती सकाळपासून चुलीपाशी उभी आहे. तुमच्यात शाकाहारी आहेत हे मी तिला सांगितलं होतं, म्हणून नारळाच्या दुधात हिरव्या तुरीचे दाणे आणि भात केलाय. मासा वेगळ्या भांड्यात. आणि तुम्ही एकमेकांकडे बघितलंत आणि मला म्हणालात, "अक्का, सांगा ना त्यांना, आमचं जेवण झालंय."

तुमचे डबे गाडीत सीटखाली आहेत. सकाळी मीच हात देऊन चढवले. अजून उघडलेसुद्धा नाहीत.

मला राग नाही आला. लाज वाटली. फोनवर बहिणीशी बोलते तेवढंच, बाकी या गावात समोर उभं राहून माझ्या भाषेत बोलणारी माणसं इतक्या वर्षांनी आज आली. सकाळपासून कान आसुसले होते हो. आणि फिलोमीनच्या दारात माझ्या भाषेत काय ऐकलं, तर हे.

फिलोमीनने मला विचारलं, काय म्हणाले? मला ते तिच्या भाषेत सांगवेना. मी तिला सांगितलं, हात धुतायत, येतायत. ती ताटकळत उभी आहे अजून, बघा तिकडे.

तेव्हा भिंतीवरून एकेक झाकण घ्या. ते कुकरचं कुणी घेत नाही, शिट्टीच्या भोकातून सगळं गळतं, ते मी घेते. भोकावर बोट ठेवून जेवता येतं. चला, आणि माझं तेवढं बोलणं खोटं पडू देऊ नका.