फिरंगी जोडपं

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा गलबतं वाऱ्याच्या मर्जीने चालत आणि बंदरात कधी काय उतरेल याचा नेम नसे.

अशा एका बंदराच्या गावी एक सराफ आणि एक अत्तरवाला राहत होते. दोघे जिवाभावाचे मित्र आणि दोघांना वेडही एकच, सातासमुद्रापलीकडून येणाऱ्या इवल्याशा फिरंगी चित्रांचं. अंगठ्याएवढ्या हस्तिदंतावर अख्खा माणूस उतरवलेला! गालावरची लाली, गळ्याजवळची जाळीदार झालर, पापणीचा केस न् केस. गलबत लागलं की दोघे मिळून धक्क्यावर जात आणि पोरांसारखे हरखून परत येत.

एकदा एका खलाशाकडे चित्रांची जोडी निघाली. एकात नवरा, एकात नवरी. दोघांनी ती मिळून घेतली.

"जोडी कुणाकडे ठेवायची, ते उद्या ठरवू," असं म्हणून सराफाने नवरी घरी नेली, अत्तरवाल्याने नवरा.

दुसऱ्या दिवशी सराफ म्हणाला, "तुझं चित्र मला दे."

"तूच का देत नाहीस?" अत्तरवाला म्हणाला.

शब्दाने शब्द वाढला. येणं-जाणं थांबलं, मग रस्त्यात बोलणंही थांबलं. वर्षांमागून वर्षं गेली.

सराफ म्हातारा झाला. त्याच्याकडे आणखी कितीतरी चित्रं जमली होती, पण दाखवणार कुणाला? सुना म्हणत, "एवढंसंच?" नवरीचं चित्र हातात घेतलं, की तिचं रूप त्याला दिसतच नसे. शेजारची रिकामी जागा तेवढी दिसे. रागवायचाही त्याला आता कंटाळा आला होता.

एका सकाळी नवरीचं चित्र घेऊन तो काठी टेकत अत्तरवाल्याच्या दारात जाऊन उभा राहिला.

"घे बाबा," तो म्हणाला. "हा हट्ट आता पेलवत नाही."

अत्तरवाल्याने आवाजाच्या रोखाने मान वळवली. त्याची दृष्टी गेली होती.

"बस," तो म्हणाला. "माझं चित्र त्या फडताळात आहे. दोन्ही शेजारी ठेव, आणि कशी दिसतात ते मला सांग."

सराफाने चित्रं शेजारी ठेवली. मग खाली वाकून निरखून पाहिलं.

"एकमेकांकडे बघताहेत रे," तो म्हणाला.

"आणि आपण त्यांना इतकी वर्षं भिंतीकडे बघत ठेवलं," अत्तरवाला म्हणाला. "ने दोन्ही. मी आंधळा, ठेवून काय करू?"

त्यानंतर अत्तरवाला फार दिवस जगला नाही.

दूरदूरचे शौकीन ती जोडी बघायला येत, वाहवा करत. सराफ त्यांना चित्रांची पेटी उघडून देई, आणि स्वतः बाहेर ओट्यावर जाऊन बसे.

म्हणून जाणती माणसं सांगतात: वस्तूपायी माणूस तोडला, तर वस्तू हाती येते तेव्हा तिचा आनंद वाटून घ्यायला कुणी उरत नाही.