तेरावा हातोडा

एका राज्यात तांब्याचा डोंगर होता, आणि त्या डोंगराच्या पायथ्याशी तेरा घरांची तांबटआळी होती. सूर्य उगवतो तो आपल्या ठोक्यांनी जागा होऊन, अशी बढाई आळीतली माणसं मारत, आणि सूर्यानंही कधी तक्रार केली नव्हती. दर घराचा एकेक हातोडा, पणजोबांपासून चालत आलेला. दर पाडव्याला आळीतलं एक नवं पात्र दरबारात यायचं. राजा ते पाहायचा, नगारा वाजायचा आणि सात राज्यं ओलांडून आलेला लमाणांचा तांडा तीच घडण हजारांनी बैलांवर लादून न्यायचा. येताना मीठ आणायचा, रेशीम आणायचा. त्यावर सगळं राज्य खाऊनपिऊन सुखी होतं.

मग कुठं माशी शिंकली कोण जाणे! एका पाडव्याला नवं पात्र दरबारात आलं आणि राजासमोर टण्णकन तडकलं. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी तेच. राजा सुवर्णकेतू रागावला. ज्याचं पात्र तडकलं किंवा तडकेल त्याचा हातोडा दरबाराच्या भिंतीवर टांगावा आणि त्या घराचा धंदा बंद व्हावा, असा त्यानं हुकूम काढला. पात्र राजवाड्यामागच्या मोडीच्या विहिरीत फेकून द्यायचं आणि त्याचं नावही काढायचं नाही, अशी रीत पडली.

प्रधान काही स्वस्थ बसला नव्हता, हेही सांगायला हवं. त्यानं बारा वर्षांत बारा सभा भरवल्या. पंडितांनी नव्या पात्राची चौसष्ट लक्षणं काढली. कुणी म्हणालं मोर हवेत, कुणी म्हणालं मोरांच्या चोचीत मोती हवेत. दर वर्षी पात्र जास्त नटायचं आणि जास्त मोठ्यानं तडकायचं.

बारा वर्षांत बारा हातोडे भिंतीवर गेले. आळीत एकच उरला, हौसा तांबटिणीचा.

हौसा या बाईचं सांगायचं तर चाळिशीची, मनगटानं दणकट, जिभेनं त्याहून. माहेर आणि सासर दोन्ही त्याच आळीत. माहेरचा हातोडा, म्हणजे तिच्या वडिलांचा, सातव्या वर्षी भिंतीवर गेला होता. सासरचा तिच्या हातात होता. तिचा नवरा शिदोबा भाता ओढायचा आणि ती काय म्हणेल त्याला 'हं' म्हणायचा. संसार झकास चालला होता.

त्या वर्षी तांड्याचा नाईक दरबारात येऊन म्हणाला, "महाराज, बारा वर्षं जुनीच घडण नेली. आता ती कुणी घेत नाही. या पाडव्याला नवं पात्र मिळालं नाही, तर तांडा पुढच्या वर्षी दुसऱ्या वाटेनं जाईल."

राजा म्हणाला, "नवं पात्र कोण घडवील?"

सगळे खाली बघायला लागले. कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. एकच हातोडा उरला होता. तोही गेला, तर आळी गप्प होणार होती, कायमची.

हौसाला हुकूम पोचला तेव्हा ती दारातल्या कडुनिंबाखाली घागर मठारत, म्हणजे ठोकून आकाराला आणत होती. तिनं हुकूम ऐकला, हातोडा खाली ठेवला आणि पहिल्यांदाच तिला भीती वाटली. जिवाची नाही. उद्या सकाळी या अंगणात ठोका पडणार नाही, या विचाराची.

इतक्यात कडुनिंबावरून कुणीतरी ठोका दिला. टुक, टुक, टुक. वर तांबट पक्षी बसला होता, हिरवा, कपाळाला लाल टिळा.

पक्षी म्हणाला, "हौसा, मोर काढू नकोस. मोरांचा काही उपयोग नाही. तो शाप आहे."

"कुणाचा, पाखरा?"

"मांत्रिक धूम्रकेशाचा. तेरा वर्षांपूर्वी तो एक अर्धवट घडवलेला दिवा घेऊन दरबारात आला होता. सगळा दरबार हसला. तो संतापला आणि म्हणाला, इथं नवं येईल ते तडकेल. पुढं आणखी बोलला, पण हसण्याच्या गदारोळात ते विरून गेलं. जाताना मात्र त्यानं तीन उपाय सांगितले. मी खिडकीत होतो."

"सांग."

"पहिला, ज्याचं दुखणं असेल त्याच्या दारी जावं. दुसरा, टाकून दिलेलं उचलून पाहावं. आणि तिसरा..." पक्षी पंख झाडत बसला.

"तिसरा काय?"

"ऐकू आला नाही. ते हसायचे थांबलेच नाहीत."

हौसानं कपाळावर हात मारला. "दोन तर दोन. निघते मी."

शिदोबा म्हणाला, "हं."

दुखणं कुणाचं आणि दार कुठलं? हौसा आधी राजवाड्याच्या दाराशी गेली. तिथं कुणाला काही दुखत नव्हतं, निदान कुणी कबूल करीना. मग ती नदीकाठी उतरलेल्या तांड्यावर गेली. तिथं झमकू नावाची लमाणीण बैलाच्या पाठीवरून घागर उतरवत होती. घागर अर्धी रिकामी, आणि बैल मात्र भिजलेला.

हौसा म्हणाली, "आक्का, ही घागर आमच्या आळीतली. कशी आहे?"

"दिसायला छान आहे," झमकू म्हणाली. तेवढ्यावर तिला गप्प बसायचं होतं, पण हौसा तिथंच मांडी घालून बसली, तेव्हा तिचा बांध फुटला. "बारा दिवसांचा कोरडा माळ तुडवतो आम्ही, बाई. मोठ्या तोंडाची घागर घेतली तर बैलाच्या चालीनं पाणी सांडतं. लहान तोंडाची घेतली तर आत हात जात नाही. घासता येत नाही, पाण्याला वास येतो. वर फडकं बांधावं तर धूळ आत जाते. गेल्या साली माझी सासू माळावर तहानेनं बेशुद्ध पडली. घागरीत काय होतं? चिखल."

हौसाचा चेहरा पडला. तीस वर्षं तिनं घागरी घडवल्या होत्या. त्या घेऊन माणसं माळावर जातात आणि तिथं तहानेनं पडतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं तरी कधी विचारलं होतं?

"तोंड मोठं हवं, आणि सांडायला नको," ती उठत म्हणाली.

"तसं कुठं असतं का, बाई?"

"नाही. म्हणून तर जाते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोडीच्या विहिरीत उतरली. विहीर कोरडी, तळाशी मोडक्या तांब्याचा ढीग, आणि ढिगावर एक नाग वेटोळं घालून बसलेला. त्याच्या फण्यावर मणी होता, त्याचा उजेड पडला होता. या विहिरीत उतरणाऱ्याला तो कशाला आलास ते विचारायचा आणि उत्तर आवडलं नाही तर डसायचा.

नाग म्हणाला, "काय न्यायला आलीस? सोनं वर राजवाड्यात आहे."

"न्यायला नाही, नागोबा. चुका बघायला आले."

नागानं फणा खाली घेतला. "बारा वर्षं राखण करतोय. बघायला कुणी आलं नाही. बस. एकेक दाखवतो."

त्यानं एकेक पात्र बाजूला काढून दाखवलं. मोर होते, कमळं होती, पोट सगळ्यांचं तडकलेलं. पण हौसा नुसतं पोट बघत नव्हती. एकाची कडी सुरेख होती. एकाचं बूड इतकं नेमकं होतं, की उतारावरही डुगडुगत नव्हतं. आणि सातव्या पात्रापाशी तिचा हात थांबला. ते तिच्या वडिलांचं होतं. राणीसाठी केलेली अत्तरदाणी. तिच्या गळ्याला आतून गोल गोल आटे पाडलेले होते आणि झाकणालाही तसेच. झाकण फिरवलं, की गळ्यात घट्ट बसायचं. तिनं ते फिरवलं. इतक्या वर्षांनंतरही ते घट्ट बसलं.

हौसाला रडू आलं. ही अत्तरदाणी तडकली त्या दिवसापासून तिचे वडील आळीत मान वर करून चालले नव्हते, आणि तसेच गेले. अन् त्यांनी घडवलेला गळा शाबूत होता!

"हे नेऊ?" तिनं विचारलं.

नाग म्हणाला, "ने. तुझंच आहे."

आता काय, भट्टी पेटली. शिदोबानं भाता ओढला, हौसानं पत्रा तापवला आणि मठारायला घेतला. पोट घागरीचं, बूड त्या न डुगडुगणाऱ्या पात्राचं, तोंड पंजा आत जाईल एवढं, आणि त्यावर वडिलांचं फिरकीचं झाकण. पहिलं पात्र घेऊन ती झमकूच्या बैलामागून कोसभर चालली. गळलं. ही गळती शापाची नव्हती, हौसाच्या हाताची होती, म्हणजे दुरुस्त होण्यासारखी होती. दुसऱ्याचं झाकण उन्हात तापून असं अडकलं, की चार लमाणांनी ओढूनही निघेना. झमकू पोट धरून हसली, आणि हौसाही हसली, पण हसता हसता झाकण कुठं अडकतंय ते बोटानं चाचपत होती. तिसरं पात्र मात्र भरून, झाकण फिरवून बैलावर उलटं बांधलं. बैल कोसभर गेला, परत आला. पाठ कोरडी ठणठणीत.

झमकूनं झाकण काढलं, आत हात घालून पाहिला आणि पात्र छातीशी धरलं. "बाई, हे मला दे. दरबारात नेऊन फोडू नकोस."

हौसानं पात्र तिच्या हातून हलकेच परत घेतलं. पाडवा उद्यावर आला होता आणि तिसरा उपाय अजून कुणालाच ठाऊक नव्हता.

दरबार भरला. भिंतीवर बारा हातोडे टांगलेले, तेराव्यासाठी खिळा ठोकून तयार. प्रधान भलताच तत्पर माणूस. खिडकीत तांबट पक्षी बसला. हौसानं पाण्यानं भरलेलं पात्र राजासमोर चौरंगावर ठेवलं, शेजारी आपला हातोडा ठेवला, आणि शिदोबा तिच्या मागं उभा राहिला. ना मोर, ना कमळ. दरबारी एकमेकांकडे बघायला लागले.

प्रधानानं रिवाजाचा प्रश्न विचारला. "पात्र पूर्ण आहे?"

यावर 'पूर्ण आहे' म्हणायचं असतं. बारा वर्षं बारा जणांनी तेच म्हटलं होतं. सातव्या वर्षी हौसा दाराशी उभी होती, आणि तो क्षण तिला आत्ता जसाच्या तसा आठवला. वडिलांनी अत्तरदाणी ठेवली तेव्हा काही झालं नव्हतं. राजानं पाहिली तेव्हाही नाही. वडील 'पूर्ण आहे' म्हणाले, आणि तोंडातून शब्द बाहेर पडला तशी ती तडकली.

धूम्रकेशानं काय आणलं होतं? अर्धवट दिवा. हसले कशाला? अर्धवट म्हणून.

हौसानं मान वर केली. "नाही महाराज. पूर्ण नाही."

मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि बघता बघता सगळा दरबार खदखदून हसायला लागला. अर्धवट वस्तू घेऊन राजासमोर! तांबटीण वेडी झाली! पक्षी खिडकीत ताडकन उभा राहिला. राजाच्याही ओठांवर हसू आलं, आणि तिथंच थिजलं. हे हसू त्यानं पूर्वी ऐकलं होतं. तेव्हा सगळ्यांत आधी तोच हसला होता.

राजानं हात वर केला. हसणं थांबलं.

"पूर्ण नाही, तर आणलंस कशाला?"

"काय कमी आहे ते विचारायला. मी माळावरच्या बाईला विचारलं. चुकलेल्यांना विचारलं. तुम्हांला विचारायचं राहिलं होतं. महाराज, पाणी पिऊन बघा."

प्रधान पुढं झाला. राजानं त्याला मागं सारलं आणि सिंहासनावरून उतरला. पात्र स्वतः हातात घेतलं, झाकण फिरवलं, काढलं. प्यायला पेला शोधला. पेला जवळ नव्हता, म्हणून त्यानं झाकणच उलटं करून त्यात पाणी ओतलं आणि गटागटा प्यायला. मग उरलेलं पाणी तसंच ठेवून झाकण चौरंगावर टेकवलं. झाकण गोल घुमटीचं. ते कलंडलं आणि पाणी राजाच्या पायांवर सांडलं.

कुणी हसलं नाही.

राजानं ओल्या पायांकडे पाहिलं, झाकणाकडे पाहिलं. "याला बसायला बूड नाही," तो हळूच म्हणाला. "माथा सपाट असता, तर पेलाही झाला असता."

हौसा बघतच राहिली. तीन पात्रं घडवली, कोस कोस चालली, पण हे तिला सुचलं नव्हतं, झमकूलाही नाही. "महाराज, खरं आहे तुमचं!" असं म्हणून ती भर दरबारात खाली बसली, झाकण गुडघ्याशी धरलं आणि हातोडा चालवला. टुक, टुक, टुक. त्या दरबारात हातोडे टांगलेले होते, पण हातोड्याचा आवाज आजवर झाला नव्हता. नऊ ठोक्यांत माथा सपाट झाला. तिनं झाकण चौरंगावर ठेवलं, ते बसलं. राजानं त्यात पाणी ओतलं, ते राहिलं.

पात्र तडकलं नाही. भिंतीवरचे बारा खिळे मात्र एकदम निखळले आणि बाराही हातोडे खणखणत खाली आले. तेरावा खिळा प्रधानाच्या पायावर पडला, तेवढं एक नुकसान झालं. खिडकीतून पक्षी ओरडला, "तिसरा उपाय! काय कमी आहे ते विचारावं! हाच, हाच तो!" आता ओरडून काय उपयोग, पण पाखराचा आनंद आपण कशाला हिरावून घ्यावा?

राजानं वाकून सातवा हातोडा उचलला आणि दोन्ही हातांनी हौसाला दिला. "तुझ्या वडिलांनी घडवलेला गळा चांगला होता," तो म्हणाला. "हसलो मी, आणि भोगलं त्यांनी."

हौसानं हातोडा कपाळाला लावला. बोलणारी बाई, पण तिला बोलता येईना. शिदोबाच तिच्या वतीनं 'हं' म्हणाला.

तांडा त्या वर्षी फिरकीचे तांबे लादून गेला, पहिला झमकूच्या बैलावर. मोडीच्या विहिरीला पायऱ्या बांधल्या, आणि नवं काही घडवायचं झालं, की आळीतली माणसं आधी नागोबाला विचारून येत. दरबाराचा रिवाज बदलला. प्रधान आता 'पूर्ण आहे?' असं विचारत नाही, 'काय कमी आहे?' असं विचारतो, आणि राजा पात्र हातात घेऊन पाणी पितो. तेरा घरांत तेरा हातोडे पुन्हा चालू झाले. सूर्य त्यांच्या ठोक्यांनी जागा होतो, अशी बढाई तिथली माणसं अजून मारतात. खरं की खोटं, ते मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, बसा, पाणी प्या, आणि काय कमी आहे ते सांगा.