शेवंताचा गड आणि नथूचा टेकू

एका गावात एक भोळा नवरा होता. नाव नथू. कुणी काही सांगितलं की तो ते नीट ऐकायचा, पक्कं ध्यानात ठेवायचा आणि अगदी तसंच करायचा. अडचण एवढीच, की गुरुवारी सांगितलेलं तो शुक्रवारी करायचा.

त्याची बायको शेवंता मात्र मोठी हुशार. दुपारची भांडी आवरली की ती टॅबवर किल्ल्यांचा खेळ खेळायची. आपला गड बांधायचा आणि समोरच्याचा पाडायचा. त्या खेळात सगळं खऱ्यासारखं होतं. लाकूड जळायचं, दगड जड असायचा, खालचा वासा काढला की वरचं धाडकन खाली यायचं. शेवंताने तीन महिने खपून गड उभारला होता. पाच बुरूज, दोन तळी आणि मधोमध तुळशीवृंदावन.

रविवारी चार वाजता तिची लढत होती जाऊबाईंशी, म्हणजे नथूच्या इंदूवहिनीशी. इंदूवहिनी शेजारच्या गावात राहायच्या. जी हरेल तिने संक्रांतीच्या हळदीकुंकवात, सगळ्या बायकांसमोर, दुसरीच्या गडाचं कौतुक करणारा उखाणा घ्यायचा, असं ठरलं होतं. गेल्या वर्षी तो शेवंताने घेतला होता. त्या दिवशी तिळगूळ तिच्या घशाखाली उतरला नव्हता.

आणि नेमकं बुधवारी शंकरपाळे तळताना तिच्या उजव्या हातावर तेल उडालं. बोटांना ही एवढी पट्टी बांधली.

"आता तुम्हीच खेळा," ती नथूला म्हणाली. "मी शेजारी बसून सांगते. सोपं आहे. ही मोठी गोफण. हिच्यात गोळा ठेवायचा, पेटवायचा आणि फेकायचा."

"बरं," नथू म्हणाला.

गुरुवारी सराव सुरू झाला. नथूने गोळा ठेवला. पेटवला. आणि हाताची घडी घालून बसला. गोफण लाकडाची होती. ती पेटली. तिच्या शेजारचे दोन शिपाई पेटले. मग गोफणीखालचा बुरूज पेटला.

"अहो, थांबलात कशाला?"

"चांगला पेटू दे म्हटलं. चुलीला नाही का आपण थांबत?"

"ही चूल आहे का? पेटवलं की क्षणभर थांबायचं नाही!"

"बरं," नथू म्हणाला. त्याने ते पक्कं ध्यानात ठेवलं.

शुक्रवारी सकाळी शेवंता म्हणाली, "हात दुखतोय हो. जरा दूध तापवा."

नथूने पातेलं ठेवलं. गॅस पेटवला. क्षणभर थांबला नाही. चप्पल घालून जो निघाला तो थेट वेशीपाशी जाऊन बसला. घरी दोन लिटर दूध उतू गेलं आणि ओट्यावरून थेट मांजरीच्या पुढ्यात आलं.

"अहो, पेटवून निघून जातात का? समोर उभं राहायचं! वर यायला लागलं की पाण्याचा हबका मारायचा!"

"बरं," नथू म्हणाला.

दुपारी पुन्हा सराव. नथूने गोळा पेटवला आणि समोर उभा राहिला. ज्वाळा वर यायला लागली. त्याने लगेच तळ्यातली एक बादली तिच्यावर ओतली आणि मग गोळा फेकला. समोरच्या गडावर तो गार लाडवासारखा टपकन पडला. तिथल्या पहारेकऱ्याने तो पायाने बाजूला सारला.

शेवंताने कपाळाला हात लावला. डावा.

"आगीला पाणी घालायचं नाही हो! वारा द्यायचा. पाठीमागून वारा मिळाला की आग कशी फुलते बघा."

"असं होय! बरं."

शनिवारी शेजारच्या गोविंदतात्यांच्या विडीची ठिणगी त्यांच्या कडब्यावर पडली. धूर निघाला. नथूने पाहिलं. धावत घरात गेला आणि मोठ्यातलं मोठं सूप घेऊन आला. वाऱ्याची दिशा पाहिली. पाठीमागे उभा राहिला आणि जीव तोडून वारा घालू लागला. आग छान फुलली. कडबा गेला, गोठ्याचं छप्पर अर्धं गेलं, उरलेलं अर्धं एका बाजूला कललं. म्हशी चरायला गेल्या होत्या म्हणून वाचल्या.

"नथ्या!" तात्या ओरडले. "अरे, माणूस आहेस का पंखा? शेजाऱ्याचं जळताना दिसलं तर आपल्या घरातलं पाणी आणून ओतावं! कलताना दिसलं तर आपल्या घरचा वासा काढून टेकू द्यावा! एवढी तरी माणुसकी ठेव!"

नथूला फार वाईट वाटलं. "चुकलं तात्या," तो म्हणाला. "पाणी आणि टेकू. आता नाही विसरणार."

रविवारी चार वाजता लढत सुरू झाली. शेवंता शेजारी बसली आणि एकेक गोष्ट सांगू लागली. गोळा ठेवा. वारा बघा. पेटवा. फेका! आणि काय सांगावं, नथूचा गोळा आकाशातून सणसणत गेला आणि इंदूवहिनींच्या लाकडी बुरुजावर बरोबर मधोमध पडला. बुरूज धडाडून पेटला. अख्खा गड कलायला लागला.

"जिंकलो!" शेवंता उडीच मारून उठली. "मी देवापुढे साखर ठेवून येते. तुम्ही आता नुसतं बघा!"

नथू बघू लागला.

बघता बघता त्याच्या लक्षात आलं. हे तर शेजारच्या गावचं जळतंय. तेही सख्ख्या वहिनीचं!

त्याने गडाचे दरवाजे उघडले. सगळ्या शिपायांना बादल्या दिल्या. दोन्ही तळी उपसून इंदूवहिनींची आग विझवली. तरी बुरूज कललेलाच. मग त्याने आपल्या गडाखालचा सर्वांत जाड वासा निवडला, ओढून काढला आणि पलीकडे नेऊन टेकू लावला. अगदी घट्ट.

शेवंता साखर घेऊन आली तेव्हा तिचा गड नव्हता. धूळ होती. धुळीत तुळशीवृंदावन उलटं पडलं होतं.

ती काही बोलणार, एवढ्यात फोन वाजला. नथूने उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"भावजी, इंदू बोलतेय. शेवंताला सांगा, हरले हो मी. आग लागलेली बघवेना, टॅब पालथा घालून स्वयंपाकघरात येऊन बसलेय. यंदा उखाणा मीच घेईन."

शेवंताचे डोळे चमकले. तिने ओठांवर बोट ठेवलं. मान हलवली. पट्टीचा हातही हलवला.

नथू मनापासून हसला.

"छे छे, वहिनी! तुम्ही कशाच्या हरताय? टॅब सुलटा करून बघा. तुमचा गड ठणठणीत उभा आहे. आमचाच पडलाय."

पलीकडे धावत गेल्याचा आणि टॅब सुलटा झाल्याचा आवाज आला. मग आनंदाची किंकाळी आली.

"आणि वहिनी," नथू म्हणाला, "तो वासा असू द्या तुमच्याकडेच. परत द्यायची घाई नाही."